बॉस्टनच्या बंदरातली टिकी बोट : झावळ्यांसाठी नको, बंदरासाठी बसा

भुईकोट :
नमस्कार मंडळी. सोलापुरातनं पोरांकडं अमेरिकेला जाणारे आईवडील आता गल्लोगल्ली आहेत, आणि बॉस्टनकडं गेलं की पोरं बंदरात बोटीतनं फिरवून आणतातच, म्हणून हा धागा काढतेय. मी लेकीकडं गेले होते तेव्हा तिनं टिकी बोटीचं बुकिंग केलेलं. टिकी बोट म्हणजे वर झावळ्यांचं छप्पर, मधी बांबूचं काउंटर, भोवती स्टुलं, खांबाला कोरलेले लाकडी मुखवटे, गळ्यात घालायला कागदी फुलांच्या माळा आणि स्पीकरवर बेटावरची गाणी. छप्पर प्लॅस्टिकच्या झावळ्यांचं असतं, हात लावला की कळतं. बोट इतकी हळू जाते की धक्क्यावरनं चालणारा माणूस बराच वेळ आपल्या बरोबरीनं दिसत राहतो, आणि मला विचाराल तर हेच तिचं सगळ्यात चांगलं आहे, कारण बघायला वेळ मिळतो.

मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळं माझं लक्ष माळांकडं कमी आणि काठाकडं जास्त. आमचा कॅप्टन बोलका होता, त्यानं १६ डिसेंबर १७७३ ची चहाची गोष्ट रंगवून सांगितली, की तीन जहाजं उभी होती डार्टमथ, एलेनॉर आणि बीव्हर, रात्री माणसं मोहॉक आदिवाशांचे वेश करून चढली आणि ३४२ पेट्या कुऱ्हाडीनं फोडून चहा पाण्यात ओतला. त्यात एक बारीक गोष्ट आहे ती माझ्या डोक्यातनं जातच नाही. त्या वेळी ओहोटी होती. पाणी इतकं खाली गेलेलं की चहा बुडेना, जहाजाला लागून त्याचे ढीग साचले आणि माणसांना ते ढकलून पसरावे लागले. या बंदरात भरती-ओहोटीचा फरक साधारण दहा फुटांचा असतो. आपण बोटीतनं धक्क्याचे खांब बघितले की ओल्या हिरव्या शेवाळाचा पट्टा माणसाच्या उंचीच्या वर गेलेला दिसतो, आणि तो बघितला की ती रात्र कशी असेल ते कुणी न सांगता समजतं.

आता आपलं. चहा होता ईस्ट इंडिया कंपनीचा. त्याच १७७३ मधी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. साडेतीन महिन्यांचं अंतर. आपण दोन्ही धडे वेगवेगळ्या यत्तेत शिकतो, वेगवेगळ्या पुस्तकात, त्यामुळं ते शेजारी शेजारी कधी उभे राहतच नाहीत. बोटीत बसून माझ्या मनात हेच चाललेलं, म्हणून वाटलं आपल्या माणसांनी तिथं जाताना हे घेऊनच जावं.

होटगी_रोड :
ताई मस्त लिहिलंय. आईबाबा जूनमधी चाललेत भावाकडं, भाऊ तिथनं जवळच ऱ्हातो. बाबांचे गुडघे दुखतात आणि आईला एसटीत पण उलटी होते, तर बोटीत बसवावं का नको? आणि दारू पिणारी माणसं असतात का बाजूला, आईला ते आवडणार नाही.

भुईकोट :
होटगी_रोड, बिनधास्त बसवा, फक्त काही गोष्टी आधी विचारून घ्या. आतल्या बंदराला बाहेरच्या बेटांचा आडोसा आहे त्यामुळं लाटा फार नसतात, माझ्या सोबत ज्या काकू होत्या त्यांना पण गाडी लागते पण इथं काही झालं नाही. गुडघ्याचं म्हणाल तर स्टूल उंच असतं आणि धक्क्यावरनं बोटीत उतरताना एक मोठी पायरी पडते, आणि ओहोटीच्या वेळी धक्क्यावरनं खाली जाणारा उतार चांगलाच तिरका होतो, म्हणून भरतीच्या आसपासची वेळ घ्यायला सांगा भावाला, भरतीचं टाइमटेबल नेटवर मिळतं. लहान टिकी बोटीत संडास नसतो हे लक्षात ठेवा, वयस्कर माणसांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं.

पिणारे असतात, हो. पण लहान बोट सहा जणांचीच असते. तिकडं पैसे देणारे प्रवासी सहापर्यंत असले तर नियम सोपे, सातवा बसवायचा झाला की तटरक्षक दलाकडनं बोटीची रीतसर तपासणी आणि सर्टिफिकेट लागतं, म्हणून या बोटी सहावरच थांबतात. तुम्ही घरचे चार-पाच जण असाल तर आख्खी बोटच घेऊन टाका, म्हणजे शेजारी कोण हा प्रश्नच येत नाही, शेंगाचटणी-कडक भाकरी काढून बसा निवांत.

आणि चादर न्या. चेष्टा नाही. आपण मे महिन्याच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीतनं जातो, झावळ्या आणि फुलांचे शर्ट बघून वाटतं गरम असेल, पण ते पाणी गार आणि संध्याकाळचा वारा त्याच्यावरनं येतो. मी आपली सोलापुरी चादर अंगावर घेऊन बसलेले, मोराच्या नक्षीची, शेजारच्या बाईंनी कड बोटात धरून बघितली आणि ही कशी विणतात म्हणून विचारलं. मग जेकॉर्डच्या पंच कार्डापासनं सांगितलं त्यांना.

विणकर :
अक्का चादरीचं वाचून बरं वाटलं. तुम्ही बॉस्टनचं काढलंयच तर सांगतो, त्याच भागात लॉवेल म्हणून गाव आहे, तिथं कापडाच्या मोठ्या गिरण्या होत्या, बॉस्टनच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या. त्यांना कापूस यायचा अमेरिकेच्या दक्षिणेतनं, गुलामांच्या कष्टाचा. १८६१ ला तिकडं यादवी सुरू झाली, बंदरं अडवली, कापूस बंद पडला. तोच कापूस घेणाऱ्या इंग्लंडातल्या मँचेस्टरवाल्यांनी मग मुंबईकडं तोंड वळवलं आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, १८६५ ला लढाई संपली तसा भाव कोसळला आणि मुंबईत भलेभले बुडाले. आपल्याकडं रेल्वे नुकतीच आली होती, १८६० मधी. पुढं १८७० च्या दशकात सोलापूरची जुनी गिरणी निघाली. आमच्या आजोबांची आख्खी हयात तिथं गेली. भोंगा ऐकून मी लहानाचा मोठा झालो त्यामुळं बॉस्टन म्हटलं की मला चहाआधी कापूस आठवतो.

नवी_पेठ :
एक प्रश्न विचारतो, कुणी वाईट वाटून घेऊ नका. ते लाकडी मुखवटे खांबाला लावलेत म्हणता ते पॉलिनेशियातल्या लोकांच्या पूर्वजांच्या, देवांच्या मूर्ती आहेत ना? मग त्या बॉस्टनमधी काय करतात? त्या बेटांचा आणि बॉस्टनचा काय संबंध?

डोंबिवलीत_सोलापूर :
नवी_पेठ, बरोबर विचारलंत. न्यूझीलंडचे माओरी, मार्केसास बेटांवरचे लोक यांच्यात टिकी म्हणजे कोरलेली मानवाकृती, पूर्वजांशी आणि देवाशी जोडलेली. बारमधली टिकी फॅशन अमेरिकेतलीच. १९३० च्या दशकात हॉलिवूडमधी डॉन बीच म्हणून एकानं बार काढला, मग ओकलंडला ट्रेडर विकनं, तिथनं हे झावळ्या, बांबू, रमचे कॉकटेल सगळं सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात लाखो सैनिक पॅसिफिकमधनं परत आले आणि मग तर लाटच आली. म्हणजे बंदर अटलांटिकचं, सजावट पॅसिफिकची आणि ती पण कॅलिफोर्नियामार्गे आलेली. मी स्वतः बॉस्टनमधी काम केलंय दोन वर्षं, मला ती सजावट कधीच रुचली नाही. आपल्या गड्ड्याच्या यात्रेतला नंदीध्वज कुणी परदेशात बाटल्यांच्या काउंटरवर शोभेला उभा केला तर आपल्याला कसं वाटेल, तसंच त्या बेटांवरच्या लोकांना वाटत असणार, आणि त्यांच्यातले बरेच जण तसं बोलूनही दाखवतात.

बाळीवेस_७७ :
एवढं पण काय मालक, लोकं दोन घटका मजा करायला जातात. झावळ्या नसत्या तर पोरंसोरं बोटीत बसलीच नसती आणि मग चहाची गोष्ट पण ऐकली नसती. माझी दोन्ही पोरं म्युझियममधी पाच मिनिटं थांबत नाहीत.

भुईकोट :
बाळीवेस, पोरांचं तुमचं म्हणणं पटतं. डोंबिवलीत_सोलापूर यांचंही पटतं. माझं म्हणणं इतकंच की बंदर स्वतःच एवढं भरलेलं आहे की त्याला दुसऱ्याच्या देवांची सजावट लागतच नाही. आणि मी आधी १७७३ वर थांबले होते, आता पुढचं लिहिते, जरा लांब होईल.

कंपनी त्या वेळी कर्जात बुडालेली. १७७० च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, महसूल आटला आणि लंडनच्या गोदामात चहा पडून राहिला. म्हणून पार्लमेंटनं १७७३ मधी दोन कायदे केले. एक चहाचा, म्हणजे कंपनीनं आपला चहा थेट अमेरिकेत विकावा. दुसरा रेग्युलेटिंग अॅक्ट, ज्यानं मुंबई आणि मद्रासवाल्यांना कलकत्त्याच्या हाताखाली आणलं. पहिल्यानं बॉस्टन पेटलं. दुसऱ्यानं काय केलं ते बघा. राघोबादादांनी मार्च १७७५ मधी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला, साष्टी आणि वसई द्यायची बोली करून. एप्रिलमधी तिकडं बॉस्टनजवळ लेक्झिंग्टनला पहिली गोळी सुटली. १८ मे ला इकडं गुजरातेत अडासला हरिपंत फडके आणि कर्नल कीटिंग यांची लढाई. १७ जूनला तिकडं बंकर हिलची लढाई. आणि मग कलकत्त्यानं नव्या कायद्याच्या जोरावर मुंबईकरांचा तह मोडीत काढला आणि १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह केला. त्याच महिन्यात, १७ मार्चला, इंग्रजी फौज बॉस्टन सोडून जहाजात बसून गेली, याच बंदरातनं.

बोटीतनं हे सगळं दिसतं हो. नॉर्थ एंडकडं बघितलं की ओल्ड नॉर्थ चर्चचा पांढरा मनोरा दिसतो, १७२३ चं चर्च, इंग्रज पाण्यामार्गे निघाले हे कळवायला तिथं दोन कंदील टांगले होते. उजव्या अंगाला चार्ल्सटाउनच्या टेकडीवर बंकर हिलचा ग्रॅनाइटचा स्तंभ, २२१ फूट. मी तो बघत होते आणि नाना फडणीस डोक्यात. बारभाईंचं कारस्थान आणि बॉस्टनवाल्यांच्या कमिट्या एकाच कंपनीशी एकाच वेळी झगडत होत्या, आणि त्यांना एकमेकांचं नावही धड माहिती नसावं. पुढं फ्रेंच दोघांकडंही आले, हेही विसरू नका. पुण्यात सेंट ल्यूबां आला म्हणून तर इंग्रज घाबरले.

जुळे_सोलापूर :
ताई, तुम्ही शाळेत असंच शिकवत असाल तर पोरं नशीबवान. आमच्या वेळी नुसत्या सनावळ्या पाठ.

डोंबिवलीत_सोलापूर :
भुईकोट ताईंनी चार्ल्सटाउनपर्यंत आणलंय तर मी त्या जहाजाचं सांगतो, कारण माझी सगळ्यात आवडती गोष्ट ती आहे. यूएसएस कॉन्स्टिट्यूशन. १७९७ मधी याच बंदरात पाण्यात उतरवलं, अजून तरंगतंय आणि अजून अमेरिकी नौदलाच्या पटावर आहे. काळं कुट्ट अंग, मधी पांढरा पट्टा आणि त्यात तोफांच्या खिडक्या. टिकी बोट जवळनं जाते तेव्हा तुम्ही बसलेले पाण्याच्या अगदी लगत, आणि ती भिंत वर वर चढत जाते. ओकच्या लाकडाचे थर, जाडी जवळपास दोन फूट, १८१२ च्या इंग्रजांबरोबरच्या लढाईत तोफगोळे आपटून पडताना बघून खलाशांनी त्याला लोखंडी अंगाचं म्हटलं, ते नाव आजपर्यंत टिकलंय.

आता ऐका. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ या जहाजानं जावा नावाचं इंग्रजी जहाज धरलं. त्यावर प्रवासी होता थॉमस हिस्लॉप, मुंबईच्या फौजेचा सेनापती म्हणून निघालेला. पकडला गेला, मग पुन्हा लढणार नाही अशा बोलीवर सोडला. तोच हिस्लॉप पुढं मद्रासचा सेनापती झाला आणि डिसेंबर १८१७ मधी महिदपूरला होळकरांचा पराभव केला तो त्यानंच. त्यानंतर दोन महिन्यांत, फेब्रुवारी १८१८, आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीला बापू गोखले पडले. मे मधी इंग्रज सेनापती मन्रोनं सोलापूरचा भुईकोट किल्ला घेतला. म्हणजे बॉस्टनच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या त्या लाकडी जहाजाचा आणि आपल्या शेवटच्या लढाईचा एक माणूस सामाईक आहे. मला हे कळलं त्या दिवशी मी ऑफिस सुटल्यावर मुद्दाम परत जाऊन ते जहाज बघितलं.

भुईकोट :
डोंबिवलीत_सोलापूर, हिस्लॉपचं मला अजिबात माहिती नव्हतं!! अंगावर काटा आला. पुढच्या वर्षी आठवीच्या वर्गात हे सांगणार म्हणजे सांगणार. मी एक जोडते, मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाचं बांधलेलं ट्रिंकोमाली, १८१७ चं, अजून इंग्लंडमधी हार्टलपूलला तरंगतंय. त्याच महिदपूरच्या वर्षी पाण्यात उतरलेलं. ओक तिकडं टिकला तसा आपला सागवान पण टिकला.

करमाळा_रोड :
सगळं वाचतोय दोन दिवस झालं. इतिहास भारीच, पण मला पाण्याबद्दल विचारायचंय. आमचं गाव उजनीच्या बॅकवॉटरला. बॉस्टनचं पाणी कसं होतं, वास यायला का? आमच्याकडं उन्हाळ्यात हिरवा साय धरल्यासारखा थर येतो, हात घालायचं धाडस होत नाही.

डोंबिवलीत_सोलापूर :
करमाळा_रोड, हाच खरा प्रश्न. आज वास येत नाही, सील दिसतात, काठावर लोक पोहतात. पण १९८० च्या दशकात ते देशातलं सगळ्यात घाण बंदर म्हणून बदनाम होतं. आजूबाजूच्या गावांचं सांडपाणी अर्धवट शुद्ध करून सोडायचे, आणि गाळ ओहोटीबरोबर समुद्रात जाईल म्हणून ओहोटीला सोडायचे, आणि तो भरतीला परत यायचा. शेजारच्या क्विन्सी शहरानं १९८२ मधी कोर्टात केस केली. पुढं फेडरल कोर्टानं तारखा आखून दिल्या आणि जज्जनं वर्षानुवर्षं स्वतः लक्ष ठेवलं. गाळ सोडणं १९९१ अखेर बंद झालं, डिअर आयलंडवर प्रचंड शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं, आणि २००० मधी साडेनऊ मैलांचा बोगदा सुरू झाला, तो शुद्ध केलेलं पाणी पार खोल समुद्रात नेऊन सोडतो. विमान बॉस्टनला उतरताना खिडकीतनं बारा मोठी पांढरी अंडी दिसतात ना, ती त्या केंद्राची, गाळ कुजवायची टाकी आहे प्रत्येक. पैसे लोकांच्या पाणीपट्टीतनं गेले, पट्टी भयंकर वाढली, लोक चिडले पण काम झालं.

करमाळा_रोड :
म्हणजे कोर्टात जाणारं गाव पाहिजे, तारीख लावणारा जज्ज पाहिजे आणि पट्टी भरणारी लोकं पाहिजेत. आमच्याकडं पुण्याचं सगळं सांडपाणी मुळा-मुठेतनं भीमेत आणि भीमेतनं उजनीत, आणि तेच सोलापूरला प्यायला. टिकी बोट उजनीत आणा म्हणून मागं एक जण म्हणत होता, रोहित पक्षी बघायला लोकं येतातच की भिगवणला. आणा पण. पण झावळ्या लावलेल्या बोटीतनं हिरवं पाणी दाखवणार का पाहुण्यांना? उजनीच्या पोटात गावं गेलीत आमची, पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, सांगण्यासारखं आपल्याकडं पण ढीगभर हाय, आधी पाणी नीट करा.

आणि लाइफ जॅकेट. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडं जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जीव गेले, त्यात बारकी लेकरं होती. आमच्या पट्ट्यातली माणसं ती. तेव्हापासनं बोट म्हटलं की माझ्या आईच्या डोळ्यात पाणी येतं. तुमच्या त्या बोटीत जॅकेट होती का ताई?

भुईकोट :
करमाळा_रोड, ती बातमी आली तेव्हा आमच्या शाळेत पण कुणाला काही सुचत नव्हतं. हो, जॅकेटं होती, सहा जणांना सहा आणि वर जास्तीची, लहान मुलांच्या मापाची वेगळी. सुटायच्या आधी कॅप्टननं प्रत्येकाला ती कुठं ठेवलीत ते उघडून दाखवलं, पट्टा कसा लावायचा ते दाखवलं, आणि मगच दोर सोडला. त्या दिवशी दुपारी वारा जास्त होता म्हणून आधीची फेरी त्यांनी रद्द केलेली आणि पैसे परत दिलेले. उजनीत बोट आणायची तर झावळ्यांच्या आधी हे दोन आणा, जॅकेट आणि वारा बघून नाही म्हणणारा नावाडी. कंबर तलावात, हिप्परग्याला, कुठंही असो.

कंबर_तलाव :
+१. आमच्या कंबर तलावात, म्हणजे संभाजी तलावात, जलपर्णी काढायची, परत वाढायची, हे लहानपणापासनं बघतोय. पाणी नीट झालं तर गाईड म्हणून मी फुकट उभा राहीन रविवारी.

होटगी_रोड :
ताई शेवटचं विचारतो, बाबांना ते जहाज आतनं बघायचंय म्हणायलेत धागा वाचून दाखवल्यापासनं. हिस्लॉपचं ऐकून तर त्यांनी वहीत लिहून घेतलंय. टिकी बोट तिथं उतरवते का?

भुईकोट :
नाही, टिकी बोट फक्त जवळनं फिरवून परत आणते. त्यासाठी लाँग वार्फवरनं सरकारी फेरी सुटते ती चार्ल्सटाउन नेव्ही यार्डला दहा-पंधरा मिनिटांत पोचवते, भाडं टिकी बोटीच्या मानानं अगदीच किरकोळ, आणि तिच्यातनं दिसतं तेच सगळं, बसायला बाक आहेत, गुडघ्यांना बरं. जहाजावर जायला पैसे नाहीत, पण ते नौदलाचं आहे म्हणून मोठ्या माणसांना ओळखपत्र लागतं, पासपोर्ट जवळ ठेवायला सांगा. सोमवारी बहुतेक बंद असतं, वेळा आधी बघून घ्या. आत जिने उभे आणि अरुंद आहेत, बाबांनी वरच्या डेकवरच थांबावं, मोठ्या तोफा खाली आहेत त्या भावाला फोटो काढून दाखवायला सांगा. संध्याकाळपर्यंत थांबता आलं तर सूर्यास्ताला तिथनं रोज तोफ उडवतात, आईला आधी सांगून ठेवा, आवाज मोठा असतो.